पिकाचे छायाचित्र पडद्यावर स्पष्ट कसे दिसेल?

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात, मेहकरकडून सिंदखेड राजाकडे येणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव आहे. खरिपात सोयाबीन, कपाशी व तूर आणि रब्बीत हरभरा व गहू ही या भागातील नेहमीची पिके होत. श्रावणात पावसाने उघडीप दिली म्हणजे सोयाबीनची काही झाडे पिवळी दिसू लागतात आणि शेतकऱ्याच्या मनात शंका येते. पूर्वी अशा वेळी तो रोगट झाड मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून कृषी खात्याच्या कार्यालयात घेऊन जात असे. आता तो बांधावर उभा राहूनच मोबाईलने छायाचित्र काढतो आणि क्षणात पाठवून देतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून तर उभ्या पिकाचे छायाचित्र काढण्याचा सराव बहुतेकांस झाला आहे.

ही सोय मोठीच आहे. तथापि फडक्यातील झाड जसेच्या तसे पोचत असे. छायाचित्र तसे पोचेलच, असे मात्र नाही. त्यातील काय टिकेल आणि काय वाटेतच गळून जाईल, हे चित्राचा आकार आणि फाईलचा प्रकार या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असून त्याचा प्रसार पांढरी माशी करते. या रोगात पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे अनियमित चट्टे पडतात. उलटपक्षी, चुनखडीच्या जमिनीत किंवा पाणी साचून राहिल्यास पिकास लोह मिळत नाही. तेव्हा कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधील भाग तेवढा पिवळा होतो. पहिल्या प्रकारात रोगट झाडे वेळीच उपटून पुरावी लागतात आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पाण्याचा निचरा व लोहाची फवारणी हा मार्ग आहे. एकास दुसरे समजले गेले तर फवारणीचा खर्च वाया जातोच, शिवाय त्या आठ-दहा दिवसांत मोझॅक शेतभर पसरतो. ही सारी ओळख पानाच्या बारीक शिरेचा रंग कोणता, यावर ठरते. चित्रात ती शीरच दिसेनाशी झाली, तर तज्ज्ञाने तरी काय सांगावे?

ठिपक्यांचा हिशेब

मोबाईलचे छायाचित्र म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपक्यांची आखणी होय. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. साध्या मोबाईलचे चित्र पुष्कळदा ४००० ठिपके लांब व ३००० ठिपके रुंद असते. म्हणजे त्यात एकूण १ कोटी २० लाख ठिपके भरतात. एका ठिपक्यात एकच रंग असू शकतो. जी वस्तू एका ठिपक्याहून लहान झाली, ती शेजारच्या रंगात मिसळून नाहीशी होते.

पांढरी माशी सुमारे १ मिलिमीटर लांबीची असते. शेतकऱ्याने दूर उभे राहून १० मीटर रुंदीचा शेताचा तुकडा ४००० ठिपक्यांत घेतला, तर १ मिलिमीटरच्या वाट्यास अर्धा ठिपकाही येत नाही. जवळ जाऊन १ मीटर रुंदीचा भाग घेतला, तर ४ ठिपके येतात. आणि अगदी पानाशी जाऊन केवळ २० सेंटीमीटरचा भाग घेतला, तर त्याच माशीच्या वाट्यास २० ठिपके येतात. आता हे चित्र पाठविताना आटून १६०० ठिपक्यांचे झाले असे समजा. पानाजवळून घेतलेल्या चित्रात माशीस अद्याप ८ ठिपके उरतात व ती ओळखू येते. एक मीटरच्या चित्रात मात्र जेमतेम दीड ठिपका उरतो, आणि दीड ठिपक्यात माशी व धुळीचा कण यांत काही भेद राहत नाही.

म्हणून ज्या चित्रावरून निदान करावयाचे आहे ते जवळून घ्यावे, हे पहिले पथ्य होय. कपाशीतील गुलाबी बोंडअळीने झालेली डोमकळी ही बोटभर वस्तू आहे. ती दुरूनही चालते. फुलकिडे, पांढरी माशी, पानावरील बारीक ठिपके यांना दुरून चालत नाही. सर्वांत उत्तम म्हणजे तीन चित्रे घ्यावीत : एक शेताचे, त्यावरून रोग सलग पट्ट्यात आहे की विखुरलेला आहे हे कळते, एक पूर्ण झाडाचे, त्यावरून वरची पाने पिवळी की खालची हे कळते, आणि एक पानाचे. या तालुक्यात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणारे शेतकरीही पुष्कळ आहेत. त्यांनी हे पानाचे चित्र जाळीच्या बाहेर, मोकळ्या उजेडात घ्यावे. हिरव्या जाळीखाली घेतलेल्या चित्रात पिवळे पानही हिरवट दिसते, आणि हा दोष पुढे कोणत्याही उपायाने पुरता जात नाही.

छाटणी आणि विरळणी

चित्र लहान करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांत पुष्कळांची गल्लत होते. पहिली रीत छाटणीची. नको असलेला भाग, म्हणजे आकाश, बांध, स्वतःची सावली, चहूबाजूंनी कापून टाकावयाची. जो भाग राहतो त्यातील ठिपके जसेच्या तसे राहतात. दुसरी रीत विरळणीची. चित्राची चौकट तीच ठेवून ठिपक्यांची संख्या कमी करावयाची. यात सारे चित्र दिसते, परंतु सर्वत्र बारकावा कमी होतो. कापूस टोबल्यानंतर एका ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची काढतात, त्यासारखेच हे आहे. भेद इतकाच, की तेथे कोणते रोप ठेवावे ते शेतकरी निवडतो आणि येथे यंत्र सर्वांना सारखीच कात्री लावते.

निदानासाठी पाठवावयाच्या चित्राची आधी छाटणी करावी आणि त्यानंतरही गरज उरली तरच विरळणी करावी. क्रम उलटा केल्यास लाभ होत नाही. विरळणीत गेलेली शीर नंतरच्या छाटणीने परत येत नाही. चित्र बोटांनी ताणून मोठे केले तरी नवे ठिपके उगवत नाहीत, आहेत तेच फुगून दिसतात.

येथे व्हॉट्सॲपचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण बहुतेक चित्रे त्याच मार्गाने जातात. नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राची ते आपण होऊन विरळणी करते आणि फाईल दाबून लहान करते. २०२३ पासून त्यात चित्र अधिक स्पष्ट पाठविण्याची एचडी ही निवड आली आहे. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडले तर ते मूळ स्वरूपात जाते. सणाच्या शुभेच्छांचे चित्र दाबले गेले तर कोणाचे काही बिघडत नाही. पिवळ्या पानाचे चित्र मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे, आणि मूळ चित्र पीक निघेपर्यंत मोबाईलमधून पुसू नये.

वाफे पाडणारी जेपीजी

प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविण्यास साधारणतः ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने १ कोटी २० लाख ठिपक्यांचे चित्र ३६ एमबीचे व्हावयास हवे. प्रत्यक्षात मोबाईलमधील फाईल ३ ते ५ एमबीच असते. ही किमया जेपीजी या प्रकाराची आहे. या प्रकाराचे प्रमाण १९९२ साली निश्चित झाले. त्याच्या मुळाशी असलेले गणित बंगळूर येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कामासाठी अनुदान मागितले होते आणि ते नाकारले गेले होते. आज जगभर शेतातून, लग्नमंडपातून व इस्पितळातून जाणारी बहुतेक छायाचित्रे त्याच गणितावर चालतात.

जेपीजी चित्राचे ८ ठिपके लांब व ८ ठिपके रुंद असे वाफे पाडते. प्रत्येक वाफ्यात उजेड-अंधाराचा चढउतार किती आहे ते ती मोजते. ठळक चढउतार ठेवते आणि अगदी बारीक, डोळ्यास सहसा न जाणवणारा चढउतार सोडून देते. माणसाचा डोळा उजेडातील फरक चटकन टिपतो, रंगातील फरक तितका टिपत नाही. म्हणून उजेडाची नोंद पूर्ण ठेवून रंगाची नोंद बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवली जाते. निसर्गदृश्यास ही तडजोड मानवते. परंतु हिरवी शीर आणि तिच्या लगतचा पिवळा भाग यांचे ठिपके थोडे असतील, तर रंग एकमेकांत उतरतात आणि नेमकी तीच खूण पुसट होते, जिच्यावर निदान अवलंबून आहे. पानाच्या जवळ जाण्याचे महत्त्व येथे पुन्हा दिसते : शिरेच्या वाट्यास पुरेसे ठिपके आले की ही तडजोड बाधत नाही.

दाब फार दिला म्हणजे वाफ्यावाफ्यांतील धुरे दिसू लागतात. चित्र चौकड्याचौकड्यांचे होते. जेपीजी उघडून, त्यात फेरफार करून पुन्हा साठविली की दर खेपेस थोडी गळती होते. स्क्रीनशॉट काढून पुढे पाठविलेले, त्याचा पुन्हा कोणी स्क्रीनशॉट काढलेले असे चित्र चार हातांतून फिरले, की त्यावरून निदान करणे म्हणजे केवळ अंदाज होतो.

इतर प्रकार थोडक्यात सांगता येतील. १९९६ सालचा पीएनजी हा प्रकार एकही ठिपका सोडत नाही. त्यामुळे अक्षरे, नकाशे, आलेख व बोधचिन्हे त्यात धारदार राहतात आणि मोठे सपाट रंग असल्याने फाईलही लहान होते. परंतु शेताचे छायाचित्र पीएनजीत साठविल्यास फाईल जेपीजीच्या कित्येक पट जड होते आणि पाहणाऱ्यास त्याचा काही विशेष लाभ होत नाही. जीआयएफ हा १९८७ सालचा प्रकार एका चित्रात केवळ २५६ रंग ठेवू शकतो. पिकाच्या छायाचित्रास तो योग्य नव्हे. गूगलने २०१० साली आणलेला वेबपी हा प्रकार त्याच दर्जाच्या चित्रास जेपीजीहून कमी जागा घेतो आणि आजचे प्रमुख ब्राउझर तो दाखवितात. आयफोनवरील एचईआयसी प्रकाराची फाईल मात्र अनेक ब्राउझरांत उघडतच नाही. ती आधी जेपीजीत रूपांतरित करून घ्यावी.

अर्ज भरताना नेहमी होणारी एक चूक अशी, की संकेतस्थळाने जेपीजी मागितली असता फाईलच्या नावातील शेवटची अक्षरे तेवढी बदलून ती चढविली जाते. पोत्यावर गव्हाची चिठ्ठी लावल्याने आतील हरभऱ्याचा गहू होत नाही. फाईल चित्र पाहण्याच्या साधनात उघडून ‘वेगळ्या प्रकारात साठवा’ ही क्रिया केली, तरच प्रकार खरोखर बदलतो.

संकेतस्थळाचे पान

आतापर्यंत शेतातून बाहेर जाणाऱ्या चित्राचा विचार झाला. आता गावाकडे येणाऱ्या चित्रांकडे, म्हणजे पीकसल्ल्याच्या पानांकडे वळू. ही पाने तयार करणाऱ्या आणि गावपातळीवर ती प्रसारित करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

जुन्या काळी शेतीविषयक मासिकात छायाचित्र छापावयाचे तर त्याचा ब्लॉक करावा लागे. साध्या वर्तमानपत्री कागदास जाड जाळीचा आणि गुळगुळीत आर्ट पेपरला बारीक जाळीचा. बारीक जाळीचा ब्लॉक साध्या कागदावर छापला तर शाई पसरून चित्र काळेकुट्ट होई. कागद पाहून ब्लॉक करावयाचा, ही छापखान्याची शिस्त होती. पडद्याच्या बाबतीत ही शिस्त पुष्कळदा पाळली जात नाही.

सर्वसाधारण मोबाईलच्या पडद्याची रुंदी ७२० ते १०८० ठिपक्यांची असते. त्यावर ४००० ठिपक्यांचे चित्र ठेवले तरी १०८० हून अधिक ठिपके दिसणे शक्य नाही. पानावर चित्र लहान दिसावे म्हणून चौकट लहान केली, कोपरा धरून ते आत ओढले, तरी फाईल तेवढीच जड राहते. मोबाईल ती सारी उतरवून घेतो आणि मग दाखविताना लहान करतो. गावठाणात इंटरनेटचा वेग चांगला मिळत असला तरी खोलगट शिवारात तो एकदम उतरतो. समजा, तेथे सेकंदास १०० किलोबिट इतकाच वेग मिळाला. ४ एमबीचे एक चित्र उतरण्यास ५ मिनिटे २० सेकंद लागतील. पानावर अशी पाच चित्रे असल्यास २६ मिनिटांहून अधिक वेळ जाईल. तेच चित्र १२०० ठिपके लांब व ९०० ठिपके रुंद करून, बेताचा दाब देऊन २०० केबीपर्यंत आणले, तर ते १६ सेकंदांत उतरते आणि डोळ्यास फरक जाणवत नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा असलेला मनुष्य १६ सेकंद थांबेल. २६ मिनिटे थांबणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फाईलचे वजन आणि ठिपक्यांची संख्या हे दोन निरनिराळे भार आहेत. वजनाचा भार इंटरनेटवर पडतो. ठिपक्यांचा भार मोबाईलच्या स्मृतीवर पडतो, कारण दाबलेली फाईल दाखविण्यापूर्वी उलगडावी लागते. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे चित्र कितीही दाबले तरी उलगडल्यावर ते निदान ३६ एमबी जागा घेणारच. अशी दहा चित्रे असलेले पान स्वस्त मोबाईलवर अडखळते किंवा बंद पडते, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. १२०० गुणिले ९०० चे चित्र उलगडल्यावर सव्वातीन एमबीच होते.

उलट चूकही होते. कोठून तरी घेतलेले ३०० ठिपक्यांचे चित्र पूर्ण रुंदीवर ताणले, तर एका ठिपक्यास बारा-तेरा ठिपक्यांची जागा व्यापावी लागते. अळी दाखविण्याऐवजी नुसता हिरवा-तपकिरी गोळा दिसतो. असे चित्र देण्यापेक्षा न दिलेले बरे.

पान उघडताना मजकूर वरखाली उडी मारतो, याचाही अनुभव सर्वांस असेल. वाचक औषधाच्या ओळीवर पोचतो न पोचतो तोच वरचे चित्र उतरते, ओळ खाली सरकते आणि बोट भलत्याच दुव्यावर पडते. चित्राची लांबी-रुंदी पानाच्या रचनेत आधी नोंदविली नसल्याने असे घडते. ती नोंदविली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. तसेच जेपीजी साठविताना ‘प्रोग्रेसिव्ह’ ही निवड केल्यास चित्र वरून खाली हळूहळू उतरण्याऐवजी आधी पुसट पण पूर्ण दिसते आणि मागाहून स्पष्ट होत जाते. वेग कमी असताना ही सोय चांगली ठरते.

तथापि या साऱ्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट औषधाच्या मात्रेची आहे. हल्ली सल्ल्याचा सारा मजकूर रंगीत चित्रातच लिहून ते चित्र पाठविण्याची प्रथा पडली आहे. दिसावयास ते आकर्षक असते. परंतु अक्षरांच्या धारदार कडा जेपीजीच्या वाफ्यांत नीट बसत नाहीत. कडेभोवती करड्या ठिपक्यांचा धुरळा उठतो. चित्र दोन-तीन वेळा दाबले गेले की सर्वांत आधी जाते ते दशांशचिन्ह, कारण ते सर्वांत लहान असते. ‘१० लिटर पाण्यात २.५ मि.लि.’ असे लिहिलेले ‘२५ मि.लि.’ वाचले गेले, तर मात्रा दहापट होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे निराळी होती. पण कीटकनाशकाच्या बाबतीत हयगय किती महाग पडते, हे विदर्भास नव्याने सांगण्याची गरज नाही.

म्हणून औषधाचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि काढणीपूर्वी सोडावयाचे दिवस हे नेहमी साध्या मजकुरात लिहावेत, चित्रात नव्हे. मजकूर काही केबींतच मावतो, चित्र न उतरले तरी तो दिसतो, अक्षर मोठे करता येते, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस मोबाईल तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. चित्रातील अक्षरांच्या बाबतीत यांपैकी एकाही गोष्टीची शाश्वती नसते. जेथे मजकूर चित्रातच देणे भाग असेल तेथे पीएनजी वापरावी आणि मात्रा अक्षरांतही लिहावी : ‘अडीच मिलिलिटर’. अक्षरी लिहिलेले ‘अडीच’ पुसट झाले तरी त्याचे पंचवीस होत नाही. प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूरही जोडावा. ‘चित्र १’ असे नव्हे, तर ‘लोहाच्या कमतरतेने शिरांमधील भाग पिवळा पडलेले सोयाबीनचे कोवळे पान’ असे लिहावे. चित्र न उतरल्यास वाचकापुढे निदान ते वाक्य तरी येते.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते कार्यालयातील मोठ्या पडद्यावर पाहून समाधान मानू नये. एखाद्या जुन्या, साध्या मोबाईलवर, दुसरबीडच्या शिवारात जेथे वेग कमी मिळतो अशा ठिकाणी उभे राहून, दुपारच्या उन्हात ते उघडावे. पहिली ओळ किती वेळात दिसली, मजकूर उडी मारतो काय, शिरेचा हिरवा रंग ओळखू येतो काय आणि मात्रेतील दशांशचिन्ह हातभर अंतरावरून वाचता येते काय, हे पाहावे. यांपैकी जे जमत नसेल ते त्याच दिवशी दुरुस्त करून पान पुन्हा तेथेच उघडून पाहावे.